एका अक्षरातली अडतीस मतं

शाळेच्या फाटकाच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे त्याचं सलून होतं. एक लांब आरसा, दोन खुर्च्या, आणि वाट बघणाऱ्यांसाठी भिंतीला टेकवलेलं बाकडं. दुसऱ्या खुर्चीवर कारागीर कधी टिकला नाही, कारण मालकाच्या बोलण्यापुढे त्याला गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायला सवड मिळायची नाही. मालकाला सगळे ‘वकील’ म्हणत. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता. पण गालाला फेस लावून झाला की याचं तोंड सुरू व्हायचं, आणि गळ्यावर वस्तरा असताना उलट बोलणार कोण? प्रत्येक वाद तोच जिंकायचा.

त्याचा सगळ्यात लाडका वाद समोरच्या सरकारी शाळेशी होता. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरीला एक नव्या बाई, तिसरी-चौथीला मास्तर, आणि हेडमास्तरही तेच. एकाच खोलीत डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. मास्तर डावीकडे तोंड करून गणित सांगायचे तेव्हा उजवीकडची पोरं चित्रं काढायची, आणि ते उजवीकडे वळले की डावीकडे बाजार भरायचा. छपराचे पत्रे दोन ठिकाणी गळत होते. नळ वर्षभर कोरडा. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती, म्हणून एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. वकिलाची एकुलती एक लेक, बबडी, तिसरीत होती. तिचं अर्धं शिक्षण दार धरण्यातच चाललंय, असं तो येईल त्याला सांगायचा.

बाकड्यावरच्या मंडळींचं मत याहून वेगळं नव्हतं. शेजारच्या बेकरीवाल्याची जुळी पोरंही तिसरीतच होती. तो म्हणायचा, “दोघांना मिळून एक धडा धड वाचता येत नाही. एक सुरू करतो, दुसरा अडकतो.” सगळे हसायचे, वकील सगळ्यात मोठ्यानं. मग तो त्याचं ठरलेलं वाक्य टाकायचा: “मीपण याच शाळेत शिकलो. काय दिलं शाळेनं मला? ही कात्री!”

यातलं अर्धंच खरं होतं. मास्तर तेव्हा विशी-बाविशीतले होते, नव्यानेच रुजू झालेले. चौथीचा निकाल लागल्यावर ते तीन वेळा वकिलाच्या घरी येऊन गेले होते. पोरगं हुशार आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, पुढे शिकवा, म्हणून वडिलांची मनधरणी करून गेले होते. वडिलांनी तिन्ही वेळा चहा पाजला आणि चौथ्या दिवशी पोराच्या हातात दाढीचा ब्रश दिला. ही गोष्ट वकिलानं बाकड्यावर कधीच सांगितली नाही. ती सांगितली असती तर केस पडली असती.

एका सोमवारी दुपारी शिक्षण खात्याचे साहेब आले. तरुण, गोरेगोमटे, बोलणं लोण्यासारखं. केस कापून घेतले, मान मोडून घेतली, आणि मग पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. प्रत्येक घराला एक फॉर्म, घरं एक्केचाळीस. वर ठळक छापलेलं: ‘शाळेबद्दल पालकांचे मत’.

“शाळेत बोलावलं तर पालक येत नाहीत,” साहेब म्हणाले. “तुमच्याकडे मात्र सगळे येतात, असं ऐकलं. इथेच ठेवले तर चालतील?”

वकिलाची छाती फुगली. “ठेवा की. पण साहेब, लिहून नळाला पाणी येणार आहे का?”

“मतं आल्याशिवाय वर काही हलत नाही. लोकांना सांगा, मनमोकळं लिहा. जितकं स्पष्ट लिहाल तितकं आमचं काम सोपं.”

ते शेवटचं वाक्य वकिलानं त्या आठवड्यात निदान पन्नास जणांना ऐकवलं.

फॉर्मवर तीन रकाने होते. शाळेतील अडचणी, शिक्षकांबद्दल तक्रारी, इतर असमाधान. लोक यायचे, कागदाकडे बघायचे आणि म्हणायचे, “वकील, तूच लिही बाबा. तुझं अक्षर चांगलं, आणि तुला शब्द सुचतात.” मग वकील हात पुसून बसायचा. समोरचा सांगायचा, “पाणी नाही म्हणावं,” आणि हा लिहायचा, ‘मुले तहानलेली घरी येतात, शाळेत पाणी फक्त छपरातून मिळते.’ फॉर्म बाकड्यावर वाचून दाखवला की टाळ्या पडायच्या. ज्याची तक्रारच नव्हती अशा एकालाही त्यानं दोन तक्रारी काढून दिल्या. “काहीतरी लिहायला हवं ना राव, रिकामा रकाना वाईट दिसतो.”

मास्तरांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. चार वर्षांपूर्वी ताप आला होता, तेव्हापासून. ते वर्गात कुणी बोलत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं. बेकरीवाल्याच्या फॉर्मवर वकिलानं लिहिलं, ‘शिक्षकांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि तिसरीचा वर्ग डावीकडे बसतो.’ हे वाक्य त्याला इतकं आवडलं की पुढच्या पाच फॉर्मांवरही त्यानं तेच घातलं.

दर दुसऱ्या शनिवारी मास्तर केस कापायला यायचे. त्या शनिवारी ते खुर्चीत बसले तेव्हा गठ्ठा आरशाखालीच होता. त्यांनी तो पाहिला. वाचायला मागितला नाही.

“नळाचं लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“लिहिलं, मास्तर.”

“छपराचं?”

“तेही लिहिलं.”

“माझंही लिहिलं असशील.”

वकील कात्री चालवत राहिला. मास्तर आरशात त्याच्याकडे बघत म्हणाले, “लिही. खोटं काही नाही त्यात. मी बारा अर्ज केले, आता लोकांनी लिहिलं तर बरंच आहे. फक्त एक ओळ टाक प्रत्येकावर. शाळा हवी आहे, अशी.”

वकील हसला. “हवी आहे म्हणून तर तक्रार करतोय ना, मास्तर! नको असती तर कशाला डोकं आपटलं असतं? ते काय वेगळं लिहायचं? आणि तसा रकानाही नाही.”

“खाली समासात लिहिलं तरी चालेल.”

“बघतो,” वकील म्हणाला, आणि कानामागचे केस कापायला वळला. बघायचं मात्र राहून गेलं. समासात लिहिलं की कागद घाण दिसतो, असं त्याला वाटलं.

घरच्या फॉर्मवरून नवरा-बायकोत जुंपली. बायको लॉन्ड्रीत इस्त्रीला होती, सकाळी सातला जायची. तिनं फॉर्म त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच लिहिला. दोन ओळी. ‘शाळा जवळ आहे. मुलगी हसत जाते.’

“अगं, हे काय लिहिलंस? हे काय मत झालं?”

“मग काय झालं?”

“रकान्यात अडचणी मागितल्यात. आणि तू प्रशस्तिपत्रक देतेस!”

“अहो, मला अडचण येईल तेव्हा लिहीन,” ती म्हणाली. “सकाळी कामावर जाताना मी तिला फाटकात सोडते, दुपारी ती एकटी रस्ता ओलांडून तुमच्या दुकानात येते. मला दिवसभर घोर नसतो. हे मत नाही का?”

आणखी दोघांनी आपापले फॉर्म स्वतः लिहिले. उरलेले अडतीस वकिलाच्या हातचे. गठ्ठा न्यायला साहेब आले तेव्हा वरचा एक वाचून ते खळखळून हसले. “वा! तुम्ही पेपरात लिहायला हवं होतं.” त्या रात्री वकील शीळ घालत जेवायला बसला.

दोन महिन्यांनी फाटकावर नोटीस लागली. सकाळी दुकान उघडताना वकिलाला घोळका दिसला. त्याला बघून लोकांनी वाट करून दिली, कारण सरकारी भाषा नीट वाचणारा तोच. त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सदर शाळेबाबत पालकांमध्ये तीव्र व एकमुखी असमाधान असल्याचे पाहणीत आढळून आले आहे. पाणी, छत व स्वच्छतागृह यांची दुरवस्था असून शिक्षक अपुरे व अकार्यक्षम असल्याचे पालकांचे म्हणणे आहे. इथे एका पालकाचं मत अवतरणात दिलं होतं. ‘शिक्षकांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि तिसरीचा वर्ग डावीकडे बसतो.’ पुढचं त्यानं मनात वाचलं, आणि लोक “पुढे? पुढे काय?” करू लागले तेव्हा कसंबसं सांगितलं. पालकांच्या भावनांचा आदर करून ही शाळा नव्या वर्षापासून बंद. मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जातील.

“म्हणजे दुरुस्त करणार नाहीत?” कुणीतरी विचारलं.

“बंद म्हटलंय ना,” वकील म्हणाला.

पहिलं तोंड बेकरीवाल्यानं उघडलं. “तरी मी म्हणत होतो, इतकं तिखट लिहू नकोस.”

“तू म्हणत होतास? तूच तर हसत होतास!”

“हसलो असेन. लिहिलं तू. मी फक्त सही केली.”

“कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,” मागून एक आजोबा म्हणाले, आणि घोळका पांगला. जाता जाता कुणी वकिलाकडे बघितलं नाही. ज्याला त्यानं दोन तक्रारी काढून दिल्या होत्या त्यानं तेवढं थांबून सांगितलं, “माझी काही तक्रार नव्हती हो.”

दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून वकील शिक्षण खात्याच्या कचेरीत गेला. तीन मजले चढून साहेबांच्या टेबलापाशी पोचला. साहेबांनी ओळखलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“साहेब, आम्ही शाळा बंद करा असं कुठे लिहिलं?”

“नाही लिहिलं,” साहेबांनी लगेच कबूल केलं. “पण चालू ठेवा असंही कुणी लिहिलेलं नाही.” त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि एक तक्ता समोर सरकवला. असमाधानी: चाळीस. समाधानी: शून्य. अपूर्ण म्हणून बाद: एक.

“हा बाद कुठला?”

साहेबांनी गठ्ठ्यातून तो काढून दाखवला. बायकोचं अक्षर वकिलानं दुरूनच ओळखलं. “तिन्ही रकाने रिकामे सोडलेत,” साहेब म्हणाले. “वरती नुसतं काहीतरी लिहिलंय. असे फॉर्म मोजता येत नाहीत.”

“मग आता मी लिहून देतो. सगळ्यांच्या सह्या आणतो. शाळा हवी आहे, एवढंच.”

“मुदत संपली हो.” साहेबांचा आवाज अजूनही लोण्यासारखाच होता. “आणि खरं सांगू? पट कमी झालेल्या शाळा बंद करायच्या हे वर आधीच ठरलेलं होतं. फक्त लोक ओरडतात, मोर्चे काढतात, त्याची काळजी असते. तुमच्या इथे तसं काही होणार नाही, हे फॉर्म बघूनच कळलं. तुम्ही फार मदत केलीत.”

पाण्याचा ग्लास तसाच ठेवून वकील जिने उतरला.

शाळेच्या शेवटच्या आठवड्यातल्या शनिवारी मास्तर नेहमीच्या वेळेला आले. वकिलाला वाटलं होतं, ते येणारच नाहीत. रस्त्यापलीकडून ते येताना दिसले तेव्हा त्याला लपावंसं वाटलं. बाकडं रिकामंच होतं. हल्ली ते बहुतेक रिकामंच असायचं.

मास्तर बसले. वकिलानं कापड झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधलं आणि मुकाट्यानं फणी उचलली.

“मला कचेरीत घेतलंय,” मास्तरांनीच सुरुवात केली. “निवृत्तीला वर्षच राहिलंय, म्हणून नव्या शाळेत पाठवत नाहीत. कागद लावायचं काम आहे. बाईंची बदली झाली.”

“बरं,” वकील म्हणाला.

“त्या फॉर्मांवर मला हेडमास्तर म्हणून सही करायला लावली. एकेक पान उलटून. अडतीस फॉर्म एका अक्षरात. साहेब म्हणाले, एका हातचे दिसतात, पण सह्या वेगळ्या आहेत, चालतील. मी काही बोललो नाही. मला ते अक्षर माहीत होतं. ‘शाळा’ लिहिताना ‘ळ’ची दुसरी गाठ पहिलीपेक्षा लहान काढायची, हे मी तुला तिसरीत शिकवलं होतं. महिनाभर लागला होता. अजून तशीच काढतोस.”

वकिलाची कात्री थांबली. माफी मागावी, पाय धरावेत, असं काय काय मनात आलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. “मास्तर, मी खोटं तर काही लिहिलं नव्हतं.”

“नाही,” मास्तर म्हणाले. “शुद्धलेखनाचीही एकच चूक होती.”

वकिलानं कल्ले सारखे केले, मानेवर वस्तरा फिरवला, तुरटी लावली. तो डाव्या बाजूला उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला, “तुम्ही तेव्हा तीनदा घरी आला होतात, मास्तर. मला आठवतंय.” मास्तरांना ते ऐकू आलं नाही. उजव्या बाजूला जाऊन पुन्हा म्हणण्याइतकं धैर्य वकिलाकडे नव्हतं. मास्तर उठले, ठरलेले पैसे ठेवून, रस्ता ओलांडून गेले. तो त्यांचा शेवटचा शनिवार. कचेरी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि तिकडे सलूनांना तोटा नव्हता.

नवं वर्ष सुरू झालं. मोठ्या शाळेत नळ होते, पत्रे गळत नव्हते, संडासांना कड्या होत्या. चौथीच्या एका तुकडीत बासष्ट मुलं होती. बस हमरस्त्याच्या अलीकडेच सोडायची आणि तिथून रस्ता ओलांडायला लागायचा, म्हणून बबडीला सोडायला बायकोनं सकाळची पाळी सोडली. दुपारच्या पाळीत इस्त्रीचं काम कमी मिळायचं. ती वकिलाला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. फाटकासमोरची वर्दळ थांबल्यावर दुकानही मंदावलं. बंद शाळेच्या अंगणात कचेरीच्या जुन्या गाड्या आणून लावल्या होत्या.

आणि बबडी गप्प झाली. आधी घरी आली की दप्तर फेकायच्या आत दिवसभराचं सांगून टाकायची: कोण पडलं, कुणाला मास्तर रागावले, दाराबाहेर उभं राहून तिनं मैत्रिणीला कशी भुताची गोष्ट सांगितली. आता विचारलं तर म्हणायची, “काही नाही झालं.”

तीन महिन्यांनी पालकसभा झाली. बायकोच्या आग्रहाखातर वकील गेला. वर्गशिक्षिका टेबलामागे बसल्या होत्या, समोर पालकांची रांग बाहेरपर्यंत. यांचा नंबर आला तेव्हा बाईंनी बबडीकडे पाहिलं आणि विचारलं, “हजेरी क्रमांक?”

“सत्तेचाळीस,” बबडी म्हणाली.

बाईंनी वहीत सत्तेचाळीस शोधला. “हं. ठीक आहे प्रगती. शांत मुलगी आहे, त्रास नाही काही. तुमचं काही म्हणणं? वर्गाबद्दल, शिकवण्याबद्दल?” त्यांचा पेन कागदावर टेकलेला होता.

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. रांगेतल्या दोघातिघांनीही पाहिलं. ते जुन्या शाळेचे होते, बेकरीवालाही होता. वकिलाच्या डोळ्यांसमोर तो तक्ता आला.

“नाही, नाही,” तो म्हणाला. “सगळं छान आहे, बाई. अगदी उत्तम.”

बाईंनी ‘समाधानी’ असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

बाहेर बसच्या थांब्यापाशी आल्यावर बबडी म्हणाली, “मला फळा दिसत नाही.”

“काय?”

“मी शेवटच्या बाकावर असते. पुढचे सगळे उंच आहेत. मला फळा दिसत नाही.”

“अगं, मग आत्ता का नाही बोललीस?” बायको कळवळून म्हणाली.

“बाबा छान म्हणाले ना,” बबडी म्हणाली.

बायको पर्स काखेत धरून परत फाटकाकडे चालू लागली. वकीलही दोन पावलं पुढे झाला, पण तिनं मागे न बघताच हात वर केला, आणि तो थांबला. लेकीचा हात धरून तो तिथेच उभा राहिला. एक बस आली आणि गेली. दुसरीही गेली. अर्ध्या तासानं बायको आली तेव्हा तिचा चेहरा घामानं डबडबला होता.

“काय म्हणाल्या?”

“नोंद केली म्हणाल्या. सोमवारी बघू म्हणाल्या.”

तो सोमवार गेला, त्याच्यानंतरचेही गेले. बबडीला कुणी पुढे बसवलं नाही. हळूहळू ती शेजारणीच्या वहीतून बघून उतरवायला शिकली, शेजारणीच्या चुकांसकट.